निळी आढ्यावर बसून राहिली

चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून इर्मा परतली तेव्हा गल्लीत पाणकणसाची हिरवी पानं पसरायला सुरुवात झाली होती. समोरची ऑक्टावी गुडघ्यांवर बसून दारापुढचा दगड घासत होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाय उचलायला सांगत होती.

"यंदा मिरवणूक आपल्या दारावरून येणार गं, इर्मा! मोठ्या रस्त्यावर ट्रामचे रूळ उकरलेत ना. प्रभूला गल्लीबोळातून न्यायची पाळी आली बघ."

"त्याला सवय आहे," इर्मा म्हणाली आणि आत गेली.

टोपी न काढताच ती वरच्या मजल्यावर गेली. चर्चचं निशाण आदल्या दिवशीच इस्त्री करून पलंगावर आडवं ठेवलं होतं, अर्धं पांढरं, अर्धं पिवळं. खिडकीबाहेरच्या लोखंडी आकड्यात तिने काठी बसवली आणि निशाण सोडलं. कालव्याकडून वारा होता. कापड लगेच फडफडू लागलं, आणि खिडकीच्या बरोब्बर वर, माळ्याच्या छपरातून बाहेर आलेल्या फळीपर्यंत त्याचं टोक जाऊ लागलं. ती फळी कबुतरांची. शर्यतीहून आलेलं पाखरू आधी तिच्यावर उतरायचं आणि मग ढाबळीत शिरायचं.

इर्माने हे पाहिलं. काठी थोडी तिरकी करता येते का तेही तिने करून पाहिलं, पण आकडा एकाच जागी घट्ट होता.

एरवी हा प्रश्न आला नसता. ख्रिस्तशरीराच्या सणाच्या रविवारी, म्हणजे मिरवणुकीच्या दिवशी, समोरच्या ओळीत राहणारा तिचा भाऊ आखील शर्यतीला पाखरं पाठवत नसे. त्याची चर्चवर श्रद्धा नव्हती. गिरणीतल्या लाल संघटनेचा तो माणूस, लग्नानंतर चर्चची पायरी चढला नव्हता. पण त्या दिवशी बहिणीकडे जेवण असतं आणि निशाण असतं एवढं तो पाळायचा. यंदा मात्र गेल्या रविवारी फ्रान्सवर ढग उतरले आणि ऑर्लेआँची शर्यत आठवडाभर पुढे गेली. पाखरांच्या टोपल्या शुक्रवारी तिकडे रवाना झाल्या होत्या. आखीलची कबुतरी निळी त्यातच होती.

आणि ईस्टरच्या जेवणाला सगळ्यांदेखत निळीवर शब्द लागला होता. मधली बहीण गोडेलीव्ह आणि तिचा नवरा सिरील यांच्या मुलीचं, रोझेचं, शरद ऋतूत लग्न होतं, जोडप्याला राहायला जागा नव्हती, आणि इर्माच्या घराचा माळा वडलांच्या वेळेपासून कबुतरांनी अडवला होता. घर आई गेल्यापासून इर्माच्या नावावर, पण ढाबळ आखीलची. बोलाचाली वाढत गेली तेव्हा आखीलने टेबलावर हात पुढे केला होता. "ऑर्लेआँला निळी बक्षिसात आली तर माळ्याचं नाव काढायचं नाही. नाही आली तर माळा रोझेचा." सिरीलने त्याच्या हातावर हात मारला होता. या गल्लीत हातावर हात पडला की ती गोष्ट झाली.

स्वयंपाकघरात आखीलची बायको झुल्मा सशाचे तुकडे लोण्यात परतत होती. आलुबुखारे एका वाडग्यात भिजत होते. केशर घातलेली तांदळाची खीर खिडकीशी निवत ठेवली होती. इर्मा आत आल्यावर झुल्माने दार लोटून घेतलं.

"लावलंस?"

"लावलं."

"मग आता काढू नकोस हां. काही झालं तरी."

इर्माने तिच्याकडे पाहिलं. दोघी एकाच गिरणीत, एकाच यंत्रावर वाढलेल्या. झुल्मा विनोद करते तेव्हा तिचा डावा गाल हलतो हे इर्माला माहीत होतं. तो हलला नव्हता.

"स्टेशनपलीकडे नगरपालिकेची नवी घरं झालीत," झुल्मा म्हणाली. "आम्हाला एक मिळतंय. बुधवारपर्यंत सांगायचंय. न्हाणीघर आहे गं आत. नळ फिरवला की गरम पाणी. मी जाऊन हात धरून बघितला खाली. त्या बाईला वाटलं असेल, ही वेडीच आहे."

"मग जा की."

"तो हलतोय? माळा आहे तोवर तो या गल्लीतून हलायचा नाही. लग्न झाल्यापासून एक रविवार मी नवऱ्याबरोबर कुठं गेले नाही. मान वर करून आभाळाकडे बघणाऱ्या माणसाशी कधी बोलून बघ. आपण काय बोललो ते ढगांना कळतं, त्याला नाही." तिने ससा उलटला. "आणि त्याची छाती. गिरणीतला कापूस आधीच आत बसलाय, त्यात वर ही पिसं. डॉक्टरांनी सांगितलंय, ह्याने ऐकलं नाही. निळी हरली तर शब्द आहे म्हणून तरी सोडेल."

"मी ते निशाण तुझ्यासाठी लावलेलं नाही, झुल्मा."

"माहीत आहे. म्हणून तर तुला सांगतेय. तुला काही करायचंच नाहीये. फक्त करू नकोस."

मिरवणूक पुढे जाईपर्यंत इर्मा पाण्याशिवाय काही घेत नसे. ती पेलाभर पाणी प्यायली आणि मेणबत्त्या घेऊन वर गेली. खिडकीत मारियेच्या मूर्तीच्या दोन बाजूंना त्या लावताना नेहमीची प्रार्थना तिच्या ओठावर आली, पण मधेच अडखळली. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. तरी तिथंच अडखळली.

माळ्यावर आखील सकाळपासून उकिडवा बसला होता. रेडिओवर पक्षी सोडल्याची वर्दी त्याने ऐकली होती: आकाश स्वच्छ, वारा मागून. निळीची पिल्लं चार-पाच दिवसांची होती, त्यांच्या अंगावर अजून पिवळी लव होती. अशा वेळी मादी जीव तोडून उडते हे त्याने वडलांकडून शिकून घेतलं होतं. म्हणून तर या शर्यतीवर त्याचा भरवसा होता. पिल्लं बघितली, वारा बघितला, चारा मोजून घातला. मिरवणुकीची तारीख फक्त त्याच्या डोक्यात आली नाही, आणि आली तेव्हा टोपल्या निघून गेल्या होत्या.

ती एकटी आली. दक्षिणेकडून, गिरणीच्या धुराड्यावरून, पंख मिटून दगडासारखी. आखीलने दाण्यांचा डबा जवळ ओढला. इतक्या लवकर गेल्या कित्येक वर्षांत त्याच्याकडे एकही पाखरू आलं नव्हतं. निळी फळीवर उतरायला पाय पुढे काढते न काढते तोच खालून पांढरं कापड उसळलं. ती उलटी फिरली. छपरावरून एक घेर घेतला आणि आढ्यावर जाऊन बसली.

त्याने दाण्यांचा डबा हलवला. "ये गं, ये, ये, बाई माझी." ती मान तिरकी करून बघत राहिली. तिच्या पायात रबरी कडं होतं. ते काढून, समोर सिरीलच्या घरी असलेल्या शर्यतीच्या घड्याळात टाकून कळ फिरवली की वेळ छापली जाणार होती. तोवर ती आलेली नव्हती. आढ्यावर बसलेलं पाखरू अजून फ्रान्सातच असतं असं त्याचे वडील म्हणायचे.

तो शिडीवरून अर्धा खाली उतरला. मोठ्याने बोलायची सोय नव्हती.

"इर्मा. निशाण आत घे."

"नाही घेता येत."

"थोडा वेळ. ती आत आली की पुन्हा लाव. बँडसुद्धा ऐकू येत नाहीये अजून."

"प्रभू पुढे गेल्याशिवाय काढायचं नाही, आखील. बोललेली आहे मी."

"काय बोललीस? कुणाला?"

इर्मा मेणबत्तीची वात सारखी करत होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, सांगायचं ठरवलंही नव्हतं. "तुला जर्मन घेऊन गेले तेव्हा. तू परत आलास तर दरवर्षी निशाण लावीन, मी आहे तोवर. आणि प्रभू पुढे जाईपर्यंत हात लावणार नाही."

आखील शिडीवर तसाच उभा राहिला. वर पिल्लं चिरचिर करत होती.

"मला विचारलं नाहीस."

"तू तिकडे होतास. विचारणार कुणाला?"

"मग आता इथं आहे. माझ्यासाठी लावलंस ना? माझ्यासाठी काढ."

"तुझ्यासाठी बोलले, रे. तुला नाही बोलले."

जिन्याच्या खालच्या वळणावर झुल्मा पळी हातात घेऊन उभी होती. तिने इर्माकडे पाहिलं आणि पुन्हा खाली गेली. त्या पाहण्याने इर्माचा हात काठीकडे गेला. खरोखरच गेला. झुल्माने काही सांगितलं नसतं तर निशाण राखणं सोपं होतं; आता ते राखलं तर झुल्माचं काम होणार होतं, आणि काढलं तर भावाचं. देवाचं काय ते या दोघांच्या मधे कुठंतरी राहिलं होतं. ती काठीला धरून उभी राहिली. मग तिने हात खाली घेतला.

"नाही जमायचं मला," ती म्हणाली. "रागाव हवं तर."

"रागावून काय होणार आहे?" आखील म्हणाला आणि वर गेला.

समोर सिरील दारात घड्याळ घेऊन उभा होता. जड लाकडी पेटी, पितळेची कळ, क्लबाचं शिक्कामोर्तब. गल्लीतल्या ज्या कबूतरबाजांना स्वतःचं घड्याळ परवडत नव्हतं, ते त्याच्याकडे पळत यायचे. त्याने निळीला येताना पाहिलं होतं, बसताना पाहिलं होतं, आणि का बसली तेही पाहिलं होतं.

"आली का रे?" गोडेलीव्हने आतून विचारलं.

"आढ्यावर आहे."

"मग बसू दे."

"तू जरा गप्प बस."

"मी काय वाईट बोलले? रोझेचं भलं चिंतते मी."

"रोझेचं भलं मीही चिंततो. पण पाखरू घरी आलंय, गोडेलीव्ह. घरी आलेलं पाखरू असं बघवत नाही."

बँड वळणावरून आत आला. पुढे झेंडे, मग पांढऱ्या कपड्यांतल्या मुली पाकळ्या टाकत, मग वर्दीतला नळकामगारांचा संघ, आणि त्यांच्यामागे चार खांबांचं छत. त्याखाली फादर पवित्र भाकर ठेवलेलं सोनेरी किरणांचं पात्र दोन्ही हातांनी धरून चालत होते. छोटी घंटा वाजली. बँड थांबला आणि गल्ली एकदम गुडघ्यांवर बसली. ऑक्टावी स्वतःच घासलेल्या दगडावर बसली. सिरील घड्याळ पोटाशी धरून बसला. कुणी खोकलं नाही. पाणकणसाच्या पानांवर फादरच्या बुटांचा आवाज तेवढा येत होता.

सिरीलने मान खाली घातली होती, पण डोळे वर होते. एवढी शांत गल्ली त्याने कधी पाहिली नव्हती. निळी आढ्यावरून थोडी खाली सरकली. मग वाऱ्याने निशाण उचललं आणि ती पुन्हा वर गेली.

छत इर्माच्या खिडकीखालून गेलं. वळणापर्यंत गेलं. तेवढ्यात निशाण झटकन आत ओढलं गेलं. सिरीलने पाहिलं, इर्माने ते दुमडलं नाही, गोळा करून छातीशी घेतलं. निळी लगेच फळीवर उतरली आणि आत गेली.

थोड्याच वेळात आखील इर्माच्या दारात आला. मूठ मिटलेली, धाप लागलेली. दोघांच्या मधे मिरवणुकीचं शेपूट चाललं होतं: जपमाळा घेतलेल्या विधवा, त्यांच्यामागे लंगडत येणारे म्हातारे. सिरीलने घड्याळ उचलून दाखवलं. "ये! ये की मधून!" त्याने हाताने खुणावलं. आखीलसारखा माणूस विधवांच्या रांगेतून धावत गेला असता तर गल्लीत कुणाला नवल वाटलं नसतं. एक-दोघींनी त्याला वाट द्यायला पाऊलही मागे घेतलं.

तो थांबला. त्याच्यामागे जिन्याच्या तोंडाशी इर्मा उभी होती. शेवटचा म्हातारा पुढे जाईपर्यंत तो टोपी हातात घेऊन उंबऱ्यावर उभा राहिला, मग रस्ता ओलांडून आला आणि कडं सिरीलच्या हातात दिलं.

"मूर्खा," सिरील कळ फिरवत म्हणाला, "पैज तुला जिंकायची होती की मला?"

क्लबात घड्याळं उघडायला दुपार उलटली. इर्माकडचं जेवण सिरीलसाठी थांबलं होतं. सिरील आला, टोपी खुंटीला लावली आणि खुर्ची ओढून बसला.

"नाही," तो म्हणाला. "थोडक्यात नाही. बक्षिसं ओळीने सगळी कालव्यापलीकडच्या पाखरांना लागली."

गोडेलीव्हने लगेच हातरुमाल उलगडला. "असू दे. खेळात असं व्हायचंच. मी म्हणते, भिंतीला चुना दिला की रोझेचा पलंग तिकडच्या बाजूला..." कुणीच तिच्याकडे बघत नाही हे लक्षात आल्यावर ती थांबली. तिचे कान लाल झाले. "मी उगाच बोलले," ती हळूच म्हणाली.

"बँडला बिचकली ती," आखील म्हणाला.

सिरीलने त्याच्याकडे पाहिलं. निळी बसली तेव्हा बँड पुलापलीकडे होता हे त्या टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. इर्माला सगळ्यांत जास्त.

"बँडला नाही," ती म्हणाली. ती अजून उभीच होती, पळी सूपमध्ये. "घर माझ्या नावावर आहे. माळा कुणाला द्यायचा ते मी सांगेन. आखीलची पाखरं तिथंच राहतील. रोझेला मी खालची मागची खोली देते. मी स्वयंपाकघरात झोपेन. मला जागा लागते किती?"

"हे बघ इर्मा," सिरील म्हणाला, "मी काही हट्ट धरत नाही. मला काही तो माळा..."

"तू गप्प बस," गोडेलीव्ह म्हणाली. पण मग तीच म्हणाली, "मागची खोलीसुद्धा चालेल तशी. तिथं ओल आहे थोडी."

"नको," आखील म्हणाला.

"का नको?"

"हात दिलाय मी."

"अरे, समोरच्यानेच सोडला तर?" इर्मा म्हणाली.

"तू सोडलंस का सकाळी?" त्याच्या आवाजात टोचणी नव्हती. मीठ मागावं तसं त्याने विचारलं. "तू तुझं पाळलंस. मला माझं पाळू दे."

इर्मा खाली बसली. वाढायचं राहून गेलं. खिम्याच्या गोळ्यांचं सूप भांड्यात निवत होतं. वर, लाकडी छतापलीकडे, पाखरांच्या पायांची टपटप चालू होती.

"पाखरं दुसरीकडे नेता येणार नाहीत का?" गोडेलीव्हने विचारलं. "नव्या घराच्या गच्चीत वगैरे?"

"तिथं परवानगी नाही," आखील म्हणाला. "आणि असली तरी काय? सोडली की ती इथंच येणार. इथं जन्मली ना. विकायची म्हटलं तर घेणारा जन्मभर कोंडून ठेवेल, पिल्लं काढायला. म्हाताऱ्यांना कुणी घेत नाही. त्यांच्या माना मलाच मुरगळाव्या..."

तेव्हा झुल्मा रडली. झुल्माला रडताना या घरात कुणी पाहिलं नव्हतं, तिच्या पोटातलं मूल गेलं तेव्हासुद्धा नाही. ती चिडून रडत होती, तोंडाला पदर लावल्यासारखा हातरुमाल लावून.

"मीच सांगितलं होतं हिला," ती म्हणाली. "निशाण काढू नकोस म्हणून. मला ते घर हवं होतं. मला वाटलं, हरेल, चार दिवस तोंड पाडून बसेल, मग येईल. हे मानांचं माझ्या डोक्यात नव्हतं. मला हे असं नको होतं, आखील."

आखीलने बहिणीकडे पाहिलं. "हिने सांगितलं म्हणून ठेवलंस?"

"सांगितलं तिने," इर्मा म्हणाली. "पण म्हणून नाही ठेवलं. म्हणून तर काढायला निघाले होते."

आखीलला हसू आलं आणि त्याचा खोकला झाला. बराच वेळ चालला. सिरीलने पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्याने लगेच काढला नाही.

"मी बुधवारी जाऊन नाही म्हणून सांगते," झुल्मा म्हणाली. "ठेवा म्हणावं तुमचं घर. आपण इथंच राहू."

"माळा नाही तर इथं राहून मी काय करू?" आखील म्हणाला. "समोरून रोज त्या फळीकडे बघत बसू?" त्याने पेला खाली ठेवला. मग बायकोकडे वळला. बऱ्याच दिवसांनी तो तिच्याकडे बघत होता असं इर्माला वाटलं. निदान झुल्माने डोळे पुसले आणि केस सारखे केले.

"नळ फिरवला की गरम पाणी येतं म्हणतेस?"

झुल्माने मान डोलावली.

"लगेच? की वाट बघावी लागते?"

"थोडी," झुल्मा म्हणाली. "आधी गार येतं थोडं."

"मग जाऊ," आखील म्हणाला. त्याने ताटली उचलून इर्मापुढे धरली. "वाढ आता. सकाळपासून तूही काही खाल्लेलं नाहीस."

इर्माने त्याला वाढलं, मग सिरीलला, मग बायकांना, आणि शेवटी स्वतःला. सगळे जेवू लागले.